सोलापूर जिल्ह्यातील पर्जन्यजल-नियोजन

थोड्या दिवसांत व मोठ्या सरींनी पडणारे पावसाचे पाणी अडविणे, जमिनीत जिरविणे, साठविणे आणि जे सामावत नाही त्याला सुरक्षित वाट काढून देणे, या सर्व कार्यास पर्जन्यजल-नियोजन म्हणता येईल. महाराष्ट्राच्या आग्नेय भागातील सोलापूर जिल्हा (क्षेत्रफळ सु. १४,९०० चौ. किमी.) अवर्षणप्रवण म्हणून प्रसिद्ध आहे, तथापि दुष्काळाइतकेच अतिवृष्टीचे व पुराचे प्रसंगही तेथे वारंवार आले आहेत. त्यामुळे बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांपासून विसाव्या शतकातील अभियंते व कृषिशास्त्रज्ञ यांच्यापर्यंत ज्यांनी ज्यांनी या प्रदेशातील पाण्याचा विचार केला, त्यांच्यापुढे प्रश्न एकच होता : एका वादळी पावसाचे पाणी पुढील आठ-नऊ कोरड्या महिन्यांसाठी कोठे ठेवावयाचे? या प्रश्नाची निरनिराळ्या काळी दिलेली उत्तरे, त्यांचे यश व त्यांच्या मर्यादा यांचा इतिहास हवामानबदलाच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा ठरला आहे.

पर्जन्याचे व जमिनीचे स्वरूप : सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा फारच थोडा पाऊस सोलापूरपर्यंत पोहोचतो. जिल्ह्याच्या निरनिराळ्या भागांतील वार्षिक सरासरी साधारणपणे ५०० ते ७५० मिमी. यांच्या दरम्यान असून पश्चिमेकडील माळशिरस, सांगोला या तालुक्यांत ती कमी, तर पूर्वेकडे अधिक आढळते. कोकण व घाटमाथा यांच्याप्रमाणे येथे जुलै हा मुख्य पावसाचा महिना नसून सप्टेंबर हा आहे. उत्तरा व हस्त या नक्षत्रांचा पाऊस पडला, की रब्बीची पेरणी साधते. तो चुकला, की वर्ष वाया जाते. हा पाऊस बहुधा बंगालच्या उपसागरात निर्माण होऊन दख्खनच्या पठारावरून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे पडतो. साहजिकच तो रिमझिम नसतो. काही तासांत ५० ते १०० मिमी. पाऊस पडून पुढे आठवडे कोरडे जाणे हे येथील नित्याचे लक्षण होय.

भीमा, सीना, नीरा, माण व भोगावती या प्रमुख नद्यांच्या काठी खोल काळी जमीन आहे, तर नद्यांमधील उंचवट्यांवर बेसाल्ट खडकावर मुरमाड, उथळ जमिनीचा थर आहे. काळी जमीन कोरडी असताना तीत खोल भेगा पडतात व पहिले पाणी झपाट्याने आत शिरते. परंतु माती फुगून भेगा मिटल्या, की पाणी जिरण्याचा वेग अत्यंत मंदावतो. यानंतर आलेल्या मोठ्या सरीचे पाणी मातीसह वाहून जाते. एका हेक्टरवर ५० मिमी. पाऊस पडणे म्हणजे ५०० घ. मी. पाणी पडणे होय. त्यापैकी किती मातीत राहिले आणि किती ओढ्याला मिळाले, यावर त्या शेताचे वर्षभराचे भवितव्य अवलंबून असते. जमिनीवरून वाहून जाणाऱ्या या भागास अपधाव असे म्हणतात.

सिद्धरामेश्वर व तलावाची परंपरा : सोलापूरचे प्राचीन नाव सोन्नलिगे. या गावी बाराव्या शतकात होऊन गेलेले सिद्धराम ऊर्फ सिद्धरामेश्वर हे बसवेश्वर व अल्लमप्रभू यांचे समकालीन शिवशरण असून त्यांची कन्नड वचने प्रसिद्ध आहेत. तेराव्या शतकातील कन्नड कवी राघवांक याने त्यांचे चरित्र काव्यरूपाने वर्णिले आहे. लोकहिताची कामे हीच ईश्वरसेवा मानणाऱ्या सिद्धरामांनी आपल्या अनुयायांच्या श्रमांतून गावाजवळ विस्तीर्ण तलाव खोदविला, असे परंपरा सांगते. याच तलावात श्रीसिद्धेश्वराचे मंदिर असून मकर संक्रांतीच्या सुमारास तेथे भरणारी गड्ड्याची यात्रा हा शहराचा सर्वांत मोठा उत्सव होय. तलावाशेजारी बहमनी काळातील भुईकोट किल्ला उभा आहे.

पर्जन्यजल-नियोजनाच्या दृष्टीने या तलावाची दोन वैशिष्ट्ये लक्षणीय आहेत. एक म्हणजे वस्तीलगतच्या उतारावरून येणारे पावसाचे पाणी त्यात साचत असे. त्यामुळे आसपासच्या विहिरींना पाझर मिळे आणि गावात शिरणारा लोंढाही थोपविला जाई. दुसरे म्हणजे तलावाची उभारणी व राखण हे राजाज्ञेचे नव्हे, तर समाजाचे धर्मकार्य मानले गेले. गाळ काढणे, पाण्याची आवक मोकळी ठेवणे व काठ सांभाळणे यांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अशा व्यवस्थेत वेगळा उरत नसे. पुढील काळातील शासकीय कामांत याच प्रश्नाचे उत्तर मिळणे सर्वाधिक कठीण गेले.

एकरूख तलाव व दुष्काळी कामे : इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने दख्खनमधील पाटबंधाऱ्यांकडे लक्ष दिले, ते प्रामुख्याने कर्नल जे. जी. फाइफ यांच्या पुढाकाराने. पुण्याजवळील खडकवासला धरणाच्या योजनेशी त्यांचे नाव निगडित असून त्या जलाशयास ‘लेक फाइफ’ असे म्हणत. सोलापूरच्या उत्तरेस हिप्परगा येथे आदिला नदीवर बांधलेला एकरूख तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला. सु. २१ मी. उंचीचे व २ किमी.हून अधिक लांबीचे हे मातीचे धरण दख्खनमधील त्या काळच्या मोठ्या साठवण कामांपैकी एक होते. त्याच्या कालव्यांनी शेतीस व पुढे सोलापूर शहरासही पाणी पुरविले.

तलाव पूर्ण होऊन पाच वर्षे लोटतात, तोच १८७६–७८ चा भीषण दुष्काळ आला. सोलापूर आणि लगतचा कलादगी (नंतरचा विजापूर) जिल्हा यांना त्याची झळ अतिशय तीव्रतेने बसली. दुष्काळपीडितांना मजुरी मिळावी म्हणून रस्ते, लोहमार्गांचे भराव व तलाव यांची कामे काढण्यात आली. आष्टी येथील तलाव व माण नदीवरील म्हसवड (राजेवाडी) तलाव ही या काळातील मोठी कामे होत. १८८० च्या दुष्काळ आयोगाने संरक्षक पाटबंधाऱ्यांची गरज प्रतिपादिली. मात्र याच दुष्काळाने तलावांची एक मूलभूत मर्यादा उघड केली. ज्या आभाळाने शेताकडे पाठ फिरविली, तेच आभाळ तलावाच्या पाणलोट क्षेत्रावरही होते. म्हणून पाण्याची गरज सर्वाधिक असेल त्याच वर्षी तलावात पाणी सर्वांत कमी असे. याखेरीज उघड्या, चराऊ माळांवरून येणारा गाळ तलावांची साठवणक्षमता सतत घटवीत होता.

१८९६–९७ व १८९९–१९०० या लागोपाठच्या दुष्काळांनंतर सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ (१८३६–१९१६) यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या भारतीय पाटबंधारे आयोगाने (१९०१–०३) या अनुभवाची दखल घेतली. दख्खनच्या अवर्षणप्रवण भागाला खात्रीचे पाणी द्यावयाचे, तर ते पाऊस न चुकणाऱ्या घाटमाथ्यावर साठवून कालव्यांनी पूर्वेकडे आणले पाहिजे, ही विचारसरणी त्यानंतर प्रबळ झाली. भाटघर येथील लॉइड धरण (१९२८) व त्यावरील नीरा उजवा कालवा यांमुळे जिल्ह्याच्या पश्चिम भागात बागायत आली आणि अकलूज-माळशिरस परिसरात ऊस उभा राहिला. स्थानिक पावसावरचा विश्वास ढळून दूरच्या पावसावर विसंबण्यास येथून आरंभ झाला, असे म्हणता येईल.

अपधावाचे गणित : पाऊस किती पडला हे पर्जन्यमापक सांगतो, परंतु तलावात किती पाणी येईल हे सांगण्यासाठी वेगळे मोजमाप लागते. या शास्त्राचा पाया महाराष्ट्रातच घातला गेला, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. नागपूरच्या पाणीपुरवठ्यासाठी अंबाझरी तलावाची योजना करणारे सर अलेक्झांडर बिनी (१८३९–१९१७) यांनी १८७० च्या सुमारास पाऊस व ओढ्यातील प्रवाह यांची सांगड घालणारी प्रत्यक्ष मोजणी केली. मुंबई इलाख्यातील अभियंते डब्ल्यू. एल्. स्ट्रेंज यांनी पाणलोट क्षेत्रांचे चांगले, मध्यम व वाईट असे वर्ग पाडून पर्जन्यमानानुसार अपधावाची कोष्टके तयार केली. मातीच्या धरणांवरील त्यांचा ग्रंथ भारतीय अभियंत्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरला. पुढे सर क्लॉड इंग्लिस (१८८३–१९७४) व डिसूझा यांनी पश्चिम भारतातील नद्यांच्या मोजणीवरून घाटासाठी व पठारासाठी स्वतंत्र सूत्रे १९२९ च्या सुमारास मांडली. खडकवासला येथील जलविज्ञान संशोधन केंद्राच्या उभारणीत इंग्लिस यांचा वाटा मोठा आहे.

दख्खनच्या पठारासाठी त्यांचे सूत्र असे : वार्षिक पाऊस सेंमी.मध्ये घेऊन त्यातून १७.८ वजा करावेत, बाकीस पुन्हा पावसाच्या आकड्याने गुणावे व गुणाकारास २५४ ने भागावे; येणारे उत्तर म्हणजे सेंमी.मधील अपधाव. या हिशेबाने ५५ सेंमी. पावसाच्या वर्षी अपधाव सु. ८ सेंमी. येतो. पाऊस ४० सेंमी.वर आला, तर अपधाव केवळ ३.५ सेंमी. उरतो, उलट ८० सेंमी. पाऊस झाल्यास तो १९.६ सेंमी.वर जातो. म्हणजे पावसात सु. २७ टक्के घट झाली, की तलावाची आवक ५७ टक्क्यांनी घटते, आणि पाऊस दुप्पट झाला, तर ओढ्यांतून पाचपटीहून अधिक पाणी येते. एकोणिसाव्या शतकातील तलाव दुष्काळात कोरडे का पडले आणि एरवी निष्पाणी असणारे ओढे एखाद्या वर्षी गावे का वाहून नेतात, या दोन्ही प्रश्नांची उकल या साध्या सूत्रात आहे. अर्थात ते वार्षिक बेरजेवर आधारलेले असल्यामुळे एकेका वादळी पावसाचा अंदाज त्यावरून बांधता येत नाही.

पुराची बाजू : पठारावरील एकाच वादळाचे सामर्थ्य केवढे असते, हे सोलापूरच्या पूर्वेस असलेल्या तत्कालीन निजाम राज्याच्या राजधानीत दिसून आले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या पुराने हैदराबाद शहरातील हजारो माणसे मृत्युमुखी पडली. सोलापूरचा मुख्य पाऊस ज्या महिन्यात व ज्या प्रकारच्या वादळांमुळे पडतो, त्याच प्रकारचा हा प्रसंग होता. मुंबई इलाख्याच्या सेवेत नुकतेच निवृत्त झालेले सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या (१८६१–१९६२) यांना यावर उपाय सुचविण्यासाठी पाचारण करण्यात आले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी खडकवासला धरणावर पुराच्या वेळी आपोआप उघडणाऱ्या दरवाजांची योजना यापूर्वीच केली होती, तर नीरा कालव्यावर पाळीपाळीने पाणी देणारी ‘ब्लॉक’ पद्धत सुचविली होती. हैदराबादसाठी त्यांनी केवळ नदीकाठच्या भिंतींवर न विसंबता शहराच्या वरच्या बाजूस पूर सामावून घेणारे जलाशय सुचविले. त्यांतून उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे तलाव झाले. तेच पुढे शहराच्या पिण्याच्या पाण्याचे आधार बनले. एकाच बांधकामाने पूर व टंचाई या दोहोंचा विचार करावयाचा, हे तत्त्व या योजनेने प्रस्थापित केले. त्यासाठी पावसाळ्यात जलाशयाचा काही भाग मुद्दाम रिकामा ठेवावा लागतो, ही त्यातील अवघड अट आहे.

कोरडवाहू शेतीचे संशोधन : तलाव व कालवे यांचे पाणी जिल्ह्याच्या अल्प भागालाच मिळणार, हे विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातच स्पष्ट झाले होते. उरलेल्या शेतकऱ्यांसाठी पाणी साठविण्याची जागा म्हणजे त्यांची स्वतःची जमीन होय, या विचाराला शास्त्रीय रूप देण्याचे श्रेय मुख्यतः एन्. व्ही. कानिटकर यांच्याकडे जाते. त्यांनी १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे कोरडवाहू शेतीच्या प्रयोगांना प्रारंभ केला. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने या विषयावर भर दिल्यानंतर तत्कालीन इंपीरिअल कृषी संशोधन परिषदेच्या साहाय्याने सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर व रोहतक येथे संशोधन केंद्रे निघाली. त्यांपैकी सोलापूरचे केंद्र १९३३ मध्ये सुरू झाले. कानिटकरांचा ‘ड्राय फार्मिंग इन इंडिया’ हा १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ या क्षेत्रातील पायाभूत ग्रंथ मानला जातो.

या केंद्रांवर शेताच्या लहान तुकड्यांतून वाहून जाणारे पाणी व माती प्रत्यक्ष मोजण्यात आली. पीक, उतार, मशागत व पावसाचा जोर यांनुसार अपधाव कसा बदलतो, हे त्यावरून ठरविता आले. या कामातून ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ सिद्ध झाली. शेतास बांध घालणे, ठराविक वर्षांनी खोल नांगरट, शेणखताचा वापर, एकरी बियाणे कमी करून ओळींतील अंतर वाढविणे आणि वारंवार कुळवणी व कोळपणी करणे, ही तिची मुख्य अंगे होत. यांतील पुष्कळ गोष्टी शेतकऱ्यांना अनुभवाने ठाऊक होत्या. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे ते म्हणतच. भेगा बुजून बाष्पीभवन घटते व तण गेल्याने ओल वाचते, हे त्यामागील कारण प्रयोगांनी दाखवून दिले. खरिपात जमीन मोकळी ठेवून तीत पाऊस मुरविणे आणि त्या ओलीवर रब्बी ज्वारी काढणे, ही सोलापूरची रीतही याच तत्त्वावर उभी आहे. मोहोळ येथील केंद्रात स्थानिक वाणांतून निवडलेली ‘मालदांडी ३५–१’ ही ज्वारी अशा साठलेल्या ओलीवर तग धरणारी असल्यामुळे दीर्घकाळ लोकप्रिय राहिली. धान्याबरोबरच तिचा कडबा जनावरांना वर्षभर पुरतो, हेही त्याचे कारण होय.

याच सुमारास मुंबई इलाख्याचे एके काळचे कृषिसंचालक डॉ. हॅरल्ड मान (१८७२–१९६१) यांनी मुंबई दख्खनमधील १८६५ ते १९३८ या काळातील पाऊस व दुष्काळ यांचा अभ्यास केला. तो १९५५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. शेतकऱ्याच्या दृष्टीने वर्षाची पारख पावसाच्या बेरजेवरून होत नाही, तर तो केव्हा व कशा अंतराने पडला यावरून होते, ही दृष्टी अशा अभ्यासांमुळे दृढ झाली.

समपातळी बांध : १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियमाने गावाच्या संपूर्ण पाणलोटात एकत्रित बांधबंदिस्ती करण्यास कायद्याचा आधार मिळाला. दुष्काळी कामांचे मजूर हाताशी असल्याने सोलापूर व विजापूर जिल्ह्यांत समपातळी बांधांची कामे मोठ्या प्रमाणावर झाली. उथळ व मध्यम जमिनीत त्यांचा चांगला उपयोग झाला. माती अडली आणि विहिरींचे पाणी वाढले. खोल काळ्या जमिनीत मात्र वेगळा अनुभव आला. तेथे पाणी लवकर जिरत नसल्यामुळे ते बांधाच्या वरच्या अंगास दिवसेंदिवस साचून राही व पिके पिवळी पडत. तर कोरड्या ऋतूत बांधालाच भेगा पडून पुढच्या मोठ्या पावसात तो फुटे. एक बांध फुटला, की त्याच्या पाण्याने खालचे बांधही जात. काही ठिकाणी शेतकऱ्यांनीच बांध फोडून पाण्याला वाट करून दिली. याला शेतकऱ्यांचे अज्ञान म्हणण्याचा प्रघात होता. प्रत्यक्षात त्यांचे निरीक्षण अचूक होते, असे पुढील संशोधनाने दाखविले. भारी जमिनीसाठी हलका उतार दिलेले ढाळीचे बांध, दगडी सांडवे व गवत लावलेले चर यांची शिफारस करण्यात आली.

अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्प १९७० मध्ये सुरू झाला, तेव्हा सोलापूर हे त्याचे एक प्रमुख केंद्र झाले. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या (स्थापना १९६८) या केंद्राने रब्बी पेरणीपूर्वी शेतात लहान चौकोनी वाफे पाडून पाऊस जागीच मुरविण्याच्या पद्धतीचा प्रसार केला. बैलांच्या औजाराने दरवर्षी करता येणारे व पावसाळ्यानंतर मोडून टाकता येणारे हे काम अल्पखर्चाचे असून ते शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातात राहते.

१९७२ चा दुष्काळ व नंतरचा काळ : १९७२–७३ च्या दुष्काळाने महाराष्ट्रातील पर्जन्यजल-नियोजनास पुन्हा वळण दिले. वि. स. पागे यांच्या संकल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे स्वरूप आले. पाझर तलाव, नालाबंडिंग व मृद्संधारण ही तिची प्रमुख कामे होत. १९७२ मध्येच भूजल सर्वेक्षण यंत्रणेची स्थापना झाली. पाझर तलावांमुळे पाणी साठविण्याची आणखी एक जागा, म्हणजे जमिनीखालील खडकांतील भेगा, नियोजनाच्या कक्षेत आली. परंतु जिरविलेले पाणी ज्याची विहीर खालच्या बाजूस आहे त्याला मिळते. ज्याला जमीन वा विहीर नाही, त्याला तलावाच्या मजुरीपलीकडे काही मिळत नाही. पुणे जिल्ह्यातील नायगाव येथे अभियंते विलासराव साळुंखे यांनी १९७० नंतर उभारलेल्या पाणी पंचायतीने नेमका हाच प्रश्न पुढे मांडला. जमिनीच्या नव्हे तर माणसांच्या संख्येवरून पाण्याचा वाटा, भूमिहीनांनाही हिस्सा आणि उसाला मनाई हे तिचे नियम होते. पुरंदरप्रमाणेच अवर्षणग्रस्त असलेल्या सोलापुरात या नियमांचे अनुकरण व्यापक प्रमाणावर झाले नाही.

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याचा एकूण साठा सु. ३,३२० दशलक्ष घ. मी. असून त्यापैकी उपयुक्त साठा सु. १,५१७ दशलक्ष घ. मी. आहे. पाणी येते ते मुख्यतः पुणे जिल्ह्यातील घाटमाथ्यावरून. अर्थात १९०३ च्या आयोगाच्या विचारसरणीचे हे सर्वांत मोठे फलित होय. या पाण्याने जिल्ह्याचा कायापालट झाला आणि साखर कारखान्यांची संख्या वाढत गेली. परंतु बारमाही पाणी घेणारे पीक आणि पर्जन्यछायेतील प्रदेश यांच्यातील विसंगतीही त्यामुळे अधिक ठळक झाली. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ च्या अहवालात जिल्ह्याऐवजी नदीखोरे व उपखोरे हा नियोजनाचा घटक धरला. चितळे यांना १९९३ मध्ये स्टॉकहोम जल पारितोषिक मिळाले होते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडून झालेल्या प्रलयाची चौकशी करणाऱ्या समितीचेही तेच अध्यक्ष होते. सोलापूर शहरात संपूर्ण वर्षात पडतो त्याहून हा एका दिवसाचा पाऊस अधिक होता.

बदलते हवामान : मध्य भारतावर १९५१ ते २००० या काळात अतितीव्र पावसाचे प्रसंग वाढले व मध्यम पावसाचे घटले, असे बी. एन्. गोस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात जवळजवळ तिपटीने वाढल्याचा निष्कर्ष काढला. सोलापूर या अभ्यासक्षेत्राच्या दक्षिण सीमेलगत येत असल्याने हे आकडे त्यास जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. परंतु दिशा तीच असल्याचे अलीकडील प्रसंग सुचवितात. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातील एक न्यूनदाब क्षेत्र आंध्र किनारा ओलांडून पश्चिमेकडे सरकले. त्याने प्रथम हैदराबाद आणि पाठोपाठ सोलापूर, पंढरपूर हा भाग जलमय केला. १९०८ मध्ये एका शहरापुरता दिसलेला धोका आता एकाच वादळात दोन राज्यांना भोगावा लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने माढा, मोहोळ व लगतच्या तालुक्यांतील गावे व शेते पाण्याखाली गेली.

अशा प्रसंगी धरणाच्या संचालनातील पेच समोर येतो. पावसाळ्याच्या अखेरीस उजनी भरलेले असावे, ही सिंचनाची गरज आहे. परंतु सोलापूरची मोठी वादळे नेमकी त्याच वेळी येतात. धरण भरलेले असेल, तर आलेला पूर खाली सोडण्यावाचून गत्यंतर नसते व पंढरपुरात चंद्रभागेचे पाणी वस्तीत शिरते. वादळाचा अंदाज आता काही दिवस आधी मिळू शकत असल्याने अगोदर पाणी सोडणे शक्य झाले आहे. मात्र अंदाज चुकून पाणी वाया गेल्यास त्याची जबाबदारी कोणी घ्यावयाची, हा निर्णय तांत्रिक नसून सामाजिक आहे.

पावसाचाच पुरवठा वाढविण्याचा प्रयत्नही सोलापुरात झाला. उपर्युक्त संस्थेने डॉ. तारा प्रभाकरन यांच्या नेतृत्वाखाली २०१८ व २०१९ या वर्षी येथे विमानांतून मेघबीजनाचे शास्त्रीय प्रयोग केले. योग्य ढगांत योग्य वेळी बीजन केल्यास पावसात सु. १८ टक्के वाढ होऊ शकते, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आहे. तथापि सर्वच ढग त्यास योग्य नसतात, आणि ढगच नसतील अशा वर्षी हा उपाय निरुपयोगी ठरतो.

समालोचन : तलाव, दूरचे धरण, शेतातील माती आणि भूगर्भ अशा चार जागा आठ शतकांत पाण्यासाठी शोधल्या गेल्या. प्रत्येक जागेस स्वतःची मर्यादा आहे : तलाव दुष्काळात भरत नाही, दूरच्या धरणाचे पाणी थोड्यांना मिळते, माती एका मोठ्या सरीपलीकडे धरू शकत नाही आणि भूगर्भातील साठा कोणाच्याही पंपाने उपसता येतो. म्हणून कोणतीही एक योजना दुसरीची जागा घेऊ शकलेली नाही. या सर्व इतिहासातून एक गोष्ट मात्र पुनःपुन्हा प्रत्ययास येते, ती म्हणजे पाणी अडविण्याइतकेच अतिरिक्त पाण्याला वाट ठेवणे महत्त्वाचे आहे. काळ्या जमिनीतील बांध फुटले ते पुरेसा सांडवा नव्हता म्हणून. हैदराबाद वाचविण्यासाठी जलाशयात रिकामी जागा ठेवावी लागली. शहरांत तर प्रश्न अधिकच बिकट आहे. फरसबंदी व छपरे यांमुळे अपधाव वाढतो. त्याच वेळी ओढे-नाल्यांची पात्रे बांधकामांखाली जातात. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावात कोरडा नाला ही मोकळी जागा वाटू लागते. वीस वर्षांतून एकदा त्यातून पाणी येते, तेव्हाच तो नाला होता हे लोकांना आठवते. ज्या प्रदेशात पाऊस कमी व अनियमित, तेथे नाल्यांची, तलावांच्या आवकेची व सांडव्यांची राखण अधिक काटेकोरपणे करावी लागते. सिद्धरामेश्वरांच्या काळी ही राखण समाजाच्या श्रद्धेवर सोपविलेली होती. आज ती ग्रामपंचायती, नगरपरिषदा व महानगरपालिका यांच्या नित्य कर्तव्यात मोडते. तिच्या यशापयशावर पुढील वादळाच्या वेळी हजारो कुटुंबांची घरे, पिके व प्राण अवलंबून राहणार आहेत.